लो देशाचा वाटाड्या



चैत्र-वैशाखात आपल्याकडे दोन गोष्टींना बहर येतो : व्याख्यानांना आणि हिमालयाच्या बेतांना. व्याख्यानाला येण्यास फारसे काही लागत नाही. हिमालयाला मात्र पैसा, रजा आणि गुडघे ही तिन्ही लागतात, आणि ही तिन्ही एकाच वयात क्वचितच एकत्र सापडतात. आज या दोहोंची सांगड घालण्याचे आम्ही योजिले आहे. विषय आहे लो नावाच्या मुलखातील पायी प्रवासाचा. आणि त्यातही विशेषेकरून, त्या प्रवासात आपल्या पुढे चालणाऱ्या माणसाचा, म्हणजे वाटाड्याचा.

लो म्हणजे नेपाळच्या उत्तर सीमेवरचा, धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्या पाठीमागचा प्रदेश. नकाशात त्याचे नाव मुस्तांग असे लिहिलेले आढळते; राजधानीचे जे लो-मंथांग, त्याच्याच नावाचा हा बिघडलेला उच्चार. त्याच्या उत्तरेस तिबेट, आणि तेथील भाषा, लिपी, धर्म, घरे, जेवण, सर्व तिबेटी वळणाचे. या मुलखाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील, तर त्याने आपल्या देवघरात डोकावून पाहावे. ज्या घरी पंचायतनपूजा आहे, तेथे नर्मदेचा बाण शिवाच्या जागी असतो, शोण नदीचा तांबडा दगड गणपतीच्या जागी असतो आणि विष्णूच्या जागी काळा गुळगुळीत शाळिग्राम असतो. हा शाळिग्राम काली गंडकीचा, आणि काली गंडकी ही लो देशातून खाली येते. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी या ठिकाणी टेथिस नावाचा समुद्र होता. त्यात शंखासारखे गुंडाळलेले कवच असणारे अमोनाइट नावाचे प्राणी राहत. समुद्र गेला, तळ उचलला गेला, त्याचा हिमालय झाला, आणि त्या प्राण्यांच्या कवचाचे ठसे दगडात राहिले. आपण ज्याला शाळिग्रामातील चक्र म्हणतो ते हेच. दगड आपल्याकडे शेकडो वर्षे येत आहे. पण ज्या नदीकाठावरून तो येतो तेथे कोण माणसे राहतात, याची चौकशी आपण फारशी केलेली नाही.

आपल्याकडची श्रद्धाळू मंडळी मुक्तिनाथापर्यंत जातात. हे क्षेत्र सुमारे ३७०० मीटर उंचीवर आहे. तेथे एकशेआठ गोमुखांतून पाणी पडते, आणि जवळच्या देवळात जमिनीतून निघणाऱ्या वायूची ज्योत जळत असते. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत त्याची गणना होते. बौद्ध लोकही त्याला तितकेच पवित्र मानतात आणि तेथल्या पूजाअर्चेत बौद्ध जोगिणींचा मोठा हात असतो. एकाच पाण्याखाली दोन धर्मांची माणसे स्नान करतात आणि कोणी कोणाला हटकत नाही. पण मुक्तिनाथहून यात्रेकरू माघारी वळतो. खाली नदीकाठी कागबेनी म्हणून गाव आहे. त्या गावाच्या उत्तर टोकाला एक फलक आणि एक चौकी आहे. त्यापुढे परवान्यावाचून परदेशी माणसाला पाऊल टाकता येत नाही. भारतीयाला नेपाळात व्हिसा लागत नाही खरा, पण या चौकीपुढे तोही परदेशीच. आमचे आजचे बोलणे या चौकीच्या पलीकडचे आहे.

हा अडसर का पडला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. लो हे पूर्वी स्वतंत्र राज्य होते. पंधराव्या शतकाच्या आसपास अमेपाल नावाच्या राजाने ते उभे केले. तिबेटचे मीठ खाली आणि दक्षिणेचे धान्य वर, अशा व्यापाराच्या वाटेवर ते असल्यामुळे त्याला बरकत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते गोरखा राज्याच्या अंमलाखाली गेले. तरी राजाची गादी आणि मान राहिला. १९५२ मध्ये इटालियन पंडित जुझेप्पे तुच्ची तेथे जाऊन आले, १९६४ मध्ये फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल जाऊन राहिले. परंतु १९६० पासून चिनी सैन्याशी लढणाऱ्या खंपा बंडखोरांनी या मुलखात तळ ठोकला होता. १९७४ मध्ये दलाई लामांचा संदेश आल्यावर त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढेही बरीच वर्षे सीमेचा प्रदेश म्हणून दार बंदच राहिले. ते १९९२ मध्ये उघडले. गादी मात्र २००८ मध्ये, नेपाळातील राजेशाहीबरोबरच, गेली. लोचे अखेरचे राजे जिग्मे दोर्जे पालबर बिस्टा २०१६ मध्ये वारले.

दार उघडले ते अटी घालून. परवाना सरकारमान्य प्रवासी संस्थेमार्फतच मिळावयाचा, आणि बरोबर वाटाड्या पाहिजेच. पुष्कळ वर्षे पहिल्या दहा दिवसांना ५०० अमेरिकन डॉलर आणि पुढे दररोज ५० असा दर चालू होता. आमच्या ओळखीचे जे डोंगर हिंडणारे लोक आहेत, त्यांना या अटींचा राग येतो. सह्याद्रीत जन्म काढलेल्या माणसाला कोणीतरी बोट धरून चालवावे, हे त्याला अपमानास्पद वाटते. राजमाची-रायगडला कधी वाटाड्या घेतला नाही, मग येथे कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा आज प्रयत्न करावयाचा आहे. आमच्या मते वाटाड्याची तीन कामे आहेत : पाय सांभाळणे, श्वास सांभाळणे आणि जीभ सांभाळणे. पहिले सर्वांस माहीत आहे, दुसरे थोड्यांस ठाऊक असते, आणि तिसऱ्याचा विचार कोणी करीत नाही.

आम्ही सहा जण भाद्रपदाच्या अखेरीस निघालो. सहा जणांत दोन बाया होत्या. हिमालयाच्या पाठीमागे पडल्यामुळे लोमध्ये पाऊस नावापुरता. म्हणून आपल्याकडे छत्र्या असताना तेथे जाता येते. पोखऱ्याहून जोमसोमला विमाने जातात, पण ती सकाळीच. उन्हाने वरचे पठार तापते, तेथली हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा घेण्यासाठी दक्षिणेची हवा धवलगिरी-अन्नपूर्णेमधल्या खिंडीतून आत धाव घेते. दहा-अकरा वाजले की हा वारा सुरू होतो आणि दुपारी तो माणसाला शब्दशः ढकलतो. आमच्याबरोबर दोन माणसे होती. एक, परवान्यावर ज्याचे नाव होते तो वाटाड्या. हा खालच्या डोंगरातला गुरुंग. दुसरा, सामान वाहणाऱ्या घोड्यांचा मालक. हा घमी गावचा, म्हणजे खुद्द लोमधला. गुरुंगाला आम्ही दाइ म्हणू लागलो. नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ. मराठी कानाला दाई म्हणजे सुईण. आमच्यातल्या एक बाई पहिल्याने चमकल्या, आणि मग दोन दिवस त्यांना हसू आवरेना.

पायांचे काम सोपे वाटते, पण लोमध्ये ते वेगळ्या प्रकारचे आहे. सह्याद्रीत वाट चुकली तर झाडी लागते. येथे झाडच नाही. सगळा मुलूख उघडा. जिकडे पाहावे तिकडे माती, वाळू आणि वाऱ्याने खालेले तांबडे-पिवळे कडे. दहा मैलांवरचे गाव समोर दिसते आणि मध्ये खोल घळ आहे हे कडेला पोचल्याशिवाय कळत नाही. याराहून तांगे आणि तांगेहून छुसांग अशी जी पूर्वेकडची वाट आहे, तिच्या शेवटच्या टप्प्यात दिवसभर पाणी मिळत नाही. ओढे सकाळी घोट्याइतके असतात आणि दुपारी, वरचे बर्फ वितळल्यावर, मांडीपर्यंत येतात. कोठला ओढा किती वाजता ओलांडावा, हे कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते.

श्वासाचे काम याहून मोठे. लो-मंथांग सुमारे ३८०० मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या शेकडा साठ-पासष्ट इतकाच भरतो. शरीर याला सरावते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. डॉक्टर मंडळी सांगतात की, ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. आता गंमत पाहा. परवान्याचे दिवस मोजलेले, दिवसागणिक डॉलर पडलेले. मनुष्याचे मन म्हणते, पैसे भरले आहेत, चला; आणि शरीराला हा हिशेब कळत नाही. चेले गाव सुमारे ३०५० मीटरवर आणि पुढचे समर सुमारे ३६६० वर. समरला आमच्यातील एकाचे डोके दुखू लागले. ताटावर बसून त्याने घास उचलला नाही, आणि थोड्या वेळाने त्याला ओकारी झाली. हा गृहस्थ आमच्यात सर्वांत तगडा, आणि सर्वांत आग्रही. झोप लागली की उतरेल, असे तो म्हणाला. दाइ म्हणाला, "उद्या चढायचे की नाही, ते तुम्ही आज जेवता की नाही यावर ठरते. तुम्ही जेवला नाहीत." आणि उजेड होता तोवर त्याने त्याला घोड्यावर बसवून खाली चेल्याला नेले. आमचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तो माणूस पायी वर आला आणि पुढे लो-मंथांगपर्यंत चालला. लोक विचारतात की, वाटाड्याचे पैसे कशाचे. आम्ही सांगतो, त्या दोन दिवसांचे. ते वाया घालविण्याचा अधिकार आपण कोणाला तरी द्यावा लागतो, कारण तो आपल्या स्वतःच्या हाती असला तर आपण तो वापरत नाही.

हे आम्ही भय दाखविण्यासाठी सांगत नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरात हुडहुड नावाचे वादळ उठले. १२ तारखेला ते विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याचे उरलेले ढग उत्तरेकडे सरकत १४ तारखेला याच भागात, मुक्तिनाथच्या वरच्या थोरांग घाटावर आणि आजूबाजूला, बर्फ होऊन कोसळले. घाट ५४१६ मीटर उंच. चाळिसांहून अधिक माणसे गेली. त्यांत परदेशी प्रवासी होते, आणि नेपाळी वाटाडे व हमालही होते. हे शेवटचे वाक्य विसरता कामा नये. वाटाड्या म्हणजे काही मंत्र नव्हे. बरोबर माणूस आहे एवढ्याने कोणी वाचत नाही. त्याने थांबा म्हटले की थांबावे लागते, आणि थांबा म्हणण्याचे धैर्य त्याला यावे अशी त्याची आपल्या पदरी स्थिती असावी लागते. ज्याची बक्षिसी आपल्या खुशीवर अवलंबून आहे, त्याला नाही म्हणणे फार जड जाते. २०२३ च्या १ एप्रिलपासून नेपाळने इतर बऱ्याच वाटांवरही परदेशी प्रवाशाला एकट्याने जाण्यास मनाई करून परवानाधारक वाटाड्या आवश्यक केला. नियम चांगला आहे. पण नियमाने वाटाड्या बरोबर येतो. त्याचे ऐकावयाचे की नाही, हे नियमाच्या हाती नाही.

आता तिसरे काम, जिभेचे. लोमधील घरांच्या आणि चैत्यांच्या भिंतींवर तांबडे, पांढरे आणि करडे पट्टे ओढलेले असतात. पाहणाऱ्याला ते शोभेचे वाटतात. ते तीन बोधिसत्त्वांचे रंग आहेत : तांबडा मंजुश्रीचा, पांढरा अवलोकितेश्वराचा, करडा-निळा वज्रपाणीचा, आणि शाक्य पंथाची ती खूण आहे. वाटेत कोरीव अक्षरांचे दगड रचलेल्या लांबच लांब मणिभिंती लागतात. त्या उजव्या हाताला ठेवून जावयाचे, म्हणजे आपली प्रदक्षिणाच. परंतु त्याच जिल्ह्यात लुब्रा नावाचे गाव बोन या जुन्या धर्माचे आहे, तेथे प्रदक्षिणा उलटी. घमीजवळची मणिभिंत तर सुमारे ३०० मीटर लांब आहे. घोडेवाला तेथे थांबला आणि त्याने सांगितले की, हे राक्षसाचे आतडे. पद्मसंभव तिबेटात साम्ये येथे विहार बांधू लागले, तेव्हा राक्षस विघ्न आणी. त्यांनी त्याला या मुलखात गाठून मारले. समोर धाकमारचे कडे तांबडे आहेत ते त्याच्या रक्ताने. आम्ही त्या कड्यांची छायाचित्रे आधीच घेतली होती. पण गोष्ट ऐकल्यावर ते कडे आणि ती भिंत एकमेकांस जोडली गेली, आणि आपण एका पोथीच्या पानावरून चालत आहो असे वाटू लागले. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत कोरलेली लेणी आणि भीमाच्या लाथेने पडलेली भोके गावोगाव आहेत. तेव्हा हा प्रकार आम्हांस परका वाटला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात आली. कागदावर एकाचे नाव होते, पण घरांची दारे दुसऱ्याच्या हाकेने उघडत होती. दाइ आमचा श्वास सांभाळीत होता. तो नसता तर आमच्यातील एक जण कदाचित परत आला नसता. तरी लोची बोली त्याला येत नव्हती. तोही आमच्यासारखाच पाहुणा होता. चुलीपाशी बसवून सातूचे पीठ आणि लोणी-मीठ घातलेला चहा पुढे करणारी म्हातारी बोलली ती घोडेवाल्याशी. तिने काय विचारले असेल? या लोकांच्या गावी पाणी पुरते का, एवढेच. राजधानीतल्या संस्था आपल्या ओळखीची माणसे बरोबर देतात, हे स्वाभाविक आहे. पण प्रवासी जर आग्रह धरील, तर लोमधला माणूसही वाटाड्या म्हणून मिळू शकतो, आणि त्याला घोडेवाल्याच्या नव्हे, वाटाड्याच्या हिशेबाने पैसे देता येतात.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर तोही पुरा करू. परवान्याचे डॉलर राजधानीत भरले जातात. दार उघडले तेव्हा लोच्या लोकांची समजूत होती की, यातला मोठा वाटा शाळांसाठी, पाटांसाठी, देवळांसाठी आपल्याकडे परत येईल. तो अपेक्षेप्रमाणे आला नाही. अखेर २०१० मध्ये तेथील तरुणांनी जाहीर केले की, आमचा वाटा आम्हांस द्या, नाही तर आम्ही प्रवाशांना आत घेणार नाही. त्या इशाऱ्याचे पुढे काय झाले यापेक्षा त्यातली भाषा महत्त्वाची आहे. आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्याचे पैसे परस्पर दुसराच घेतो, असे ते म्हणत होते. यात गैर काय, हे ज्याच्या गावात क्षेत्र आहे त्याला समजावून सांगावे लागणार नाही.

आता जो मुद्दा मांडल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही, तो म्हणजे रस्त्याचा. या शतकाच्या आरंभी चीनच्या हद्दीकडून लो-मंथांगपर्यंत गाडीवाट आली. पुढल्या दशकात दक्षिणेकडूनही जीपगाड्या पोचू लागल्या, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात कोराला घाटावरचा नाका व्यापाराला खुला झाला. यावर सर्व देशींच्या प्रवाशांचा एकच विलाप ऐकू येतो : लो बिघडले. धूळ उडते, टपरीवर शीतपेयाच्या बाटल्या दिसतात, शांतता गेली. विलाप खोटा नाही. आम्हीही धूळ खाल्ली. जीपने जोमसोमहून एका दिवसात लो-मंथांगला पोचता येते, म्हणजे हजार-अकराशे मीटर एका दमात. त्यामुळे डोके धरून बसलेले प्रवासी पूर्वीहून अधिक दिसतात, हेही खरे.

पण आम्ही घोडेवाल्याला विचारले, रस्ता आला हे बरे झाले का. तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, "माझी थोरली बहीण अडली, तेव्हा घोड्यावरून जोमसोमला न्यायला तीन दिवस लागले. ती वाचली, मूल गेले. धाकटीच्या वेळी जीप होती. तिचा मुलगा आता शाळेत जातो." आणि पुढे म्हणाला, "घोड्यांना काम मात्र कमी झाले." दोन्ही वाक्ये त्याने एकाच स्वरात उच्चारली. त्याचा धंदा ज्या रस्त्याने बुडत होता, त्याच रस्त्याने त्याच्या घरचे लेकरू वाचले होते; आणि यांतील एक घेऊन दुसरे टाकता येत नाही हे त्याला आमच्यापेक्षा चांगले समजत होते. ज्या प्रवाशाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर इस्पितळ आहे, त्याने रस्त्याबद्दल हळहळावे, यात काहीतरी चुकते. जुने लो हे आपल्यासाठी राखून ठेवलेले नव्हते. ते मागे राहिले, कारण सीमा बंद झाली, तिबेटच्या मिठाची जागा भारतातील मिठाने घेतली आणि व्यापार खचला. जिला आपण प्राचीन शांतता म्हणून नावाजतो, तिच्यात त्या उतरत्या काळाचाही अंश आहे. आजही हिवाळ्यात पुष्कळ लो-बा उतरून येतात. कोणी पोखरा-काठमांडूला राहतात, कोणी उत्तर भारतातील शहरांत लोकरी कपडे विकतात, आणि कित्येकांची मुले दूर न्यूयॉर्कला गेली आहेत.

लो-मंथांगच्या देवळांत हाच वाद वेगळ्या रूपाने झाला आहे. तेथील थुबचेन आणि जंपा ही पंधराव्या शतकातली देवळे. त्यांच्या भिंतींवरची चित्रे काजळीने, गळतीने झाकली गेली होती, काही ठिकाणी पार उडाली होती. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील एका हिमालय-प्रतिष्ठानाच्या साहाय्याने आणि लुइजी फिएनी यांच्यासारख्या इटालियन तज्ज्ञांच्या हाताखाली ती साफ करण्याचे काम सुरू झाले. गावची माणसे त्यात शिकून तयार झाली, त्यांत बायकाही होत्या. मग प्रश्न आला : जेथे चित्र उडाले आहे ती जागा कोरी ठेवावी, की नवी आकृती काढून भरावी? युरोपातील शास्त्र म्हणते, कोरी ठेवा. नव्याने काढलेले ते खोटे. गावकरी म्हणाले, हात नसलेल्या देवाची पूजा कशी करावी? हे संग्रहालय नव्हे, देऊळ आहे. आपल्याकडे भंगलेली मूर्ती पुजीत नाहीत, तेव्हा त्यांचे म्हणणे आपणांस सांगावयास नको. पुढे गावकऱ्यांच्या मताप्रमाणे आकृत्या पुऱ्या करण्यात आल्या. काही जाणत्या लोकांनी यावर टीका केली आहे, आणि तिच्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु देव कोणाचा, आणि सकाळी दिवा कोण लावतो, हे आधी विचारावे, असे आम्हांस वाटते.

आणि रस्त्यापेक्षा मोठे संकट पाण्याचे आहे. लोतील शेती पावसावर नाही. वरच्या बर्फाचे पाणी पाटाने आणून त्यावर सातू, गहू, वाटाणा आणि गुलाबी फुलांचा कुट्टू पिकतो. पाट आटला की गाव आटले. सामझोंग नावाचे गाव असेच आटले, आणि तेथील लोकांना नव्या जागी घरे बांधावी लागली. उलट, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, जेथे पाऊस नावालाच पडतो त्या कागबेनीत चिखलाचा असा लोंढा आला की घरे आणि पूल वाहून गेले. मातीची धाब्याची घरे ज्या हवेसाठी बांधली होती ती हवा बदलू लागली आहे. दरवर्षी लो-मंथांगला तिजी नावाचा तीन दिवसांचा उत्सव होतो. त्यात मुखवटे घालून लामा नाचतात आणि दोर्जे जोनो नावाचा वीर दुष्काळ आणणाऱ्या राक्षसाला हाकलून देतो. प्रवासी तो नाच पाहण्यासाठी दुरून येतात. तो नाच ज्या भयातून निघाला ते भय आज गावच्या पाटावर उभे आहे, हे मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगणारा बरोबर पाहिजे.

तेव्हा आमच्या डोंगर हिंडणाऱ्या मित्रांस उत्तर असे की, राजमाचीला तुम्ही वाटाड्या घेत नाही, कारण तेथल्या वाडीत तुम्हांला मामा म्हणून हाक मारता येते आणि ओ मिळते. जेथे हाक मारावयास शब्द नाही, तेथे ती मारणारा माणूस लागतो. त्याला नोकर समजलात तर तो ओझे आणि वाट सांभाळील. यजमान समजलात तर तो घर दाखवील, आणि घरात कोठे बसावयाचे नाही, हेही सांगेल. यजमानाच्या घरी पाहुणा भिंतींचा रंग बदला म्हणत नाही, आणि बदलू नका असेही म्हणत नाही.

जाणाऱ्यांनी चार गोष्टी कराव्या. लोमधला माणूस बरोबर असावा असा आग्रह आधीच धरावा. परवान्याचे दिवस ठरविताना दोन दिवस आजारासाठी मोकळे ठेवावे. कोणी आजारी पडले नाही, तर ते चुलीपाशी बसण्यात खर्चावे, ते वाया जात नाहीत. हमालाच्या अंगावर आणि पायात काय आहे ते निघण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. उंचीचा त्रास त्यालाही होतो, आणि तो खालच्या गावचा असेल तर आपल्याइतकाच होतो. आणि बक्षिसी काय द्यावयाची ते पहिल्याच दिवशी सांगून टाकावे, म्हणजे वाटेत थांबा म्हणताना त्याला तिची चिंता राहणार नाही.

आणखी एक सांगून पुरे करतो. परतीच्या वाटेवर छुसांगला घोडेवाल्याने आम्हांस विचारले की, तुमच्या देशात वाटाडे नसलेले डोंगर आहेत म्हणता, मग तेथे गावे नाहीत का? गावे आहेत, असे आम्ही म्हणालो. मग तुम्ही कोणाला विचारून चढता, असे त्याने विचारले. हा प्रश्न त्याने सहज विचारला. आम्ही तो सह्याद्रीसाठी बरोबर आणला आहे, आणि येत्या पावसाळ्यात ज्या वाडीतून आपली वाट जाईल त्या वाडीला तो आपणांपैकी प्रत्येकाने विचारावा अशी विनंती आहे.